मोठे टायर, खोटा काटा

बागलाणात जुनी गाडी म्हणजे बहुतेक वेळा महिंद्राची जीप. मुंबई-पुण्याच्या हौशी लोकांकडे फियाट, ॲम्बेसेडर, क्वचित एखादी मॉरिस मायनर जपलेली असते. नामपूर, जायखेडा, ताहाराबाद या मोसम नदीच्या पट्ट्यात मात्र कांदाचाळीच्या आडोशाला ताडपत्रीखाली उभी दिसते ती जीप. कधी काळी काळी-पिवळी म्हणून तिनं सटाणा आणि मालेगावचे प्रवासी वाहिले, पुढं डाळिंबाच्या बागेत फवारणीचे ड्रम ओढले, आणि आता घरातल्या पोरांनी तिला पुन्हा रंगवायला काढलं आहे. विलिस जिपांची जुळणी महिंद्रानं १९४०च्या दशकाच्या शेवटी मुंबईत सुरू केली. पुढं नाशिकचा वाहन कारखाना आणि इगतपुरीचा इंजिन कारखाना उभा राहिल्यावर ही गाडी आपल्या जिल्ह्याचीच झाली. त्यामुळे सुटे भाग मिळतात, मिस्त्री मिळतात, सल्ले तर न मागता मिळतात. टायर किंवा क्राउन-पिनियन बदलल्यावर स्पीडोमीटरचं काय करायचं, याचा सल्ला मात्र कुणी धड देत नाही. बहुतेक ठिकाणी उत्तर एकच: "काटा काढून पुढं बसवून देतो." ते उत्तर चुकीचं का आणि बरोबर काय, एवढ्यासाठीच हा लेख आहे.

जीप सजवायला घेतली की पहिली बदलतात ती चाकं. मूळचा ६.००-१६ हा अरुंद नायलॉन टायर नव्या पिढीला केविलवाणा वाटतो. कुणी २३५/७५ आर १५ रेडियल टाकतो, कुणी थेट ३१ इंची. त्यात डांबरी रस्त्यावर गाडी पळावी, इंजिन कमी ओरडावं म्हणून क्राउन-पिनियनही बदललं जातं. विलिस घराण्यातल्या नागरी जिपांना ५.३८चं क्राउन-पिनियन असे, म्हणजे चाक एकदा फिरायला प्रॉपेलर शाफ्टचे ५.३८ फेरे लागत. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी जिपेला ते ४.८८ होतं. आकडा लहान झाला की त्याच वेगाला शाफ्ट कमी फिरतो. फोर व्हील गाडी असेल तर हे काम पुढच्या-मागच्या दोन्ही ॲक्सलना एकदम करावं लागतं, चारही टायरही एकाच मापाचे लागतात. एका ॲक्सलला ५.३८ आणि दुसऱ्याला ४.८८ ठेवून फोर व्हील टाकलं तर ट्रान्स्फर केसचं वाटोळं ठरलेलं.

आता मीटरकडे या. मीटरला गाडीचा वेग कळत नाही, त्याला कळतात ते फक्त केबलचे फेरे. कारखान्यानं अमुक टायर आणि अमुक क्राउन-पिनियन धरून हिशेब केलेला असतो, की केबल इतके फेरे फिरली म्हणजे गाडी इतकी पुढं गेली. तुम्ही चाक बदललं, पण हिशेब जुनाच राहिला. म्हणून आधी एक गोष्ट बघायची: केबल कुठून निघते? जीपमध्ये ती ट्रान्स्फर केसच्या मागच्या बाजूनं, मागच्या आउटपुट शाफ्टवरून निघते. प्रीमियर पद्मिनी आणि ॲम्बेसेडरमध्ये ती गिअरबॉक्सच्या शेपटाकडून निघते. या जागेपासून चाकाकडे जे काही बदललं त्याचा मीटरवर परिणाम होतो, आणि इंजिनाकडे जे बदललं त्याचा होत नाही. पेट्रोलचं इंजिन काढून डिझेल टाकलं, क्लच बदलला, तरी मीटर तसंच राहतं. जीपमध्ये चारऐवजी पाच गिअरचा बॉक्स बसवला आणि ट्रान्स्फर केस तीच ठेवली, तरीही फरक नाही. लो गिअर टाकून शेलबारी घाट चढतानाही काटा खरंच सांगतो, कारण मोजणी लो-हायच्या पुढं होते. पद्मिनीत मात्र दुसऱ्या गाडीचा गिअरबॉक्स बसवला तर त्याच्याबरोबर त्याची मीटरची वर्म आणि केबल फिरवणारी गरारीही येते, तेव्हा तपासणी करावीच लागते.

किती फरक पडतो? टायरवरच्या आकड्यांतून अंदाज निघतो. २३५/७५ आर १५ म्हणजे रुंदी २३५ मिलिमीटर, बाजूची उंची त्याच्या ७५ टक्के, आणि रिम १५ इंचांची. बाजूची उंची १७६ मिलिमीटर, ती दोनदा धरायची, त्यात रिमचे ३८१ मिळवायचे. उत्तर साधारण ७३३ मिलिमीटर. मूळच्या ६.००-१६चा व्यास सुमारे ७२८. म्हणजे हे टायर टाकणाऱ्यानं फारशी काळजी करू नये. ३१ इंची टायर मात्र ७८७ मिलिमीटरचा, आणि तिथं गोष्ट बदलते. पद्मिनीवाल्यांची अडचण उलटी असते. तिचं मूळ माप ५.२०-१४, व्यास ६१ सेंटिमीटरच्या आसपास. बाजारात सहज मिळतो म्हणून १६५/६५ आर १४ बसवला तर चाक ५७ सेंटिमीटरवर येतं. गाडी खाली बसते आणि काटा खऱ्यापेक्षा पाच-सात टक्के जास्त दाखवायला लागतो. बिचारा मालक मित्रांना सांगत सुटतो की गाडी अजून शंभरावर जाते.

व्यासाला ३.१४नं गुणलं की घेर मिळतो, हे शाळेत शिकलो. पण टायरला ते लागू पडत नाही. वजनाखाली टायर दबतो, म्हणून एका फेऱ्यात तो कमी अंतर कापतो. टायर उद्योगात रेडियलसाठी ३.०५ आणि नायलॉनच्या, म्हणजे क्रॉसप्लाय टायरसाठी २.९९ हा आकडा धरतात. त्यामुळे ६.००-१६ नायलॉन एका फेऱ्यात साधारण २.१८ मीटर जातो आणि ३१ इंची रेडियल २.४० मीटर. नायलॉनवरून रेडियलवर आल्यानंच दोन टक्के फरक पडतो, माप तेच असलं तरी. हवा किती, झीज किती, माल किती यावरही घेर बदलतो, म्हणून कागदावरचं गणित अंदाजापुरतं ठेवा आणि प्रत्यक्ष मोजा.

मोजायला खडू, टेप आणि एक मदतनीस पुरतो. जागा सपाट हवी. बाजार समितीचं आवार सुटीच्या दिवशी मोकळं मिळालं तर उत्तम, नाहीतर शाळेचं पटांगण. टायरमध्ये नेहमीची हवा भरा, गाडीत नेहमीइतकं वजन ठेवा. टायरच्या तळाला आणि बरोबर त्याखाली जमिनीवर खडूची खूण करा. गाडी सरळ ढकला, चाकाचे दहा फेरे होऊ द्या, दहाव्याला खूण पुन्हा जमिनीला टेकली की तिथं रेघ मारा. दोन रेघांमधलं अंतर भागिले दहा, म्हणजे तुमच्या गाडीचा खरा घेर. मोजायचं ते मागचं चाक, कारण जीपचं मीटर मागच्या शाफ्टवरून चालतं. जुना टायर अजून घरात पडला असेल तर तो बसवून तेच मोजून घ्या. तो विकून मोकळे झाला असाल तर वरचा २.१८चा आकडा चालेल.

मग हिशेब असा: काट्यावरचा वेग गुणिले नवा घेर भागिले जुना घेर. २.४० भागिले २.१८ म्हणजे १.१०. काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी ६६नं चाललेली असते. क्राउन-पिनियनही बदललं असेल तर आणखी एकदा गुणायचं, जुना आकडा भागिले नवा. ५.३८ भागिले ४.८८ म्हणजे १.१०. दोन्ही बदल एकाच गाडीत झाले की १.२१ होतात, आणि काटा ६० म्हणतो तेव्हा जीप ७३नं धावते. ६० आणि ७३ यात फार काही नाही असं वाटेल. पण ब्रेक लागल्यावर थांबायला लागणारं अंतर वेगाच्या वर्गानं वाढतं, म्हणजे ७३ला ते जवळजवळ दीडपट होतं. चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेली जुनी जीप, आणि पुढं कांद्याची ट्रॉली अचानक वळली, तर हे दीडपट कागदावर राहत नाही. छोट्या टायरमुळे काटा जास्त दाखवत असेल तर निदान चूक सुरक्षित बाजूची. मोठ्या टायरची चूक धोक्याच्या बाजूची असते, म्हणून ती आधी निस्तरायची.

मात्र सगळा दोष टायरवर ढकलण्याआधी एक तपासणी करा. बहुतेक लोक ती टाळतात, आणि मग पैसे चुकीच्या जागी जातात. मीटरच्या एकाच डबीत दोन वेगळी यंत्रं असतात. किलोमीटरचे आकडे, म्हणजे ओडोमीटर, निव्वळ दात्यांवर चालतात. केबलचे ठरावीक फेरे झाले की आकडा पुढं सरकतो, त्यात अंदाजाला जागाच नाही. काटा चुंबकावर चालतो. १९०२ साली ओटो शुल्झ या जर्मन अभियंत्यानं ज्या रचनेचं पेटंट घेतलं तीच रचना, थोड्याफार फरकानं, तुमच्या जीपमध्ये आहे. केबल एक चुंबक फिरवते, त्याच्याभोवती ॲल्युमिनियमची वाटी असते, दोघांचा स्पर्श होत नाही. फिरत्या चुंबकामुळे वाटीत विजेचे भोवरे उठतात आणि ती ओढली जाते, केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागं खेचते. या ओढाताणीत काटा जिथं थांबतो तो वेग. वर्षानुवर्षांनी चुंबक अशक्त होतो, स्प्रिंग ढिली पडते, ग्रीस सुकून चिकटतं. त्यामुळे काटा स्वतःच्या कारणानंही चुकू शकतो. ओडोमीटर तसा चुकत नाही.

म्हणून रस्त्यावर जाऊन दोन्ही तपासा. मोबाईलमध्ये जीपीएसनं वेग आणि अंतर दाखवणारं कुठलंही ॲप चालेल. बघायचं काम शेजारी बसलेल्यानं करायचं, चालवणाऱ्यानं नाही. मालेगावहून चांदवडकडे जाताना मुंबई-आग्रा महामार्गावर सौंदाण्याच्या बाजूला लांब सरळ पट्टा मिळतो. राहुड घाटात मात्र हे करू नका, चढ-उतारावर वेग स्थिर राहत नाही. पहाटे निघा, लिलावाच्या दिवशी ट्रॅक्टरच्या रांगेमागं अडकलात तर चाचणी झाली असं समजू नका. गाडी चार-पाच किलोमीटर चालवून टायर गरम होऊ द्या. मग काटा ४० वर स्थिर ठेवून जीपीएसचा वेग लिहा, तेच ६० वर करा. परत येताना दहा किलोमीटरचा टप्पा धरून ओडोमीटर आणि जीपीएस दोन्हीचं अंतर लिहा. ओडोमीटरला दशांशाचा आकडा नसेल तर आकडा बरोबर पालटतो त्या क्षणापासून पुढच्या दहाव्या पालटण्यापर्यंत मोजा.

जीपीएस नको असेल तर कडेचे दगड आहेतच. राष्ट्रीय महामार्गाचे पिवळ्या डोक्याचे, राज्य मार्गाचे हिरव्या डोक्याचे. रुंदीकरणात दगड इकडचे तिकडे झालेले असतात, म्हणून एका किलोमीटरवर विश्वास ठेवू नका, निदान पाच धरा. काटा ६० वर ठेवून पाच किलोमीटरला ३०० सेकंद लागायला हवेत. २७३ लागले तर १८,००० भागिले २७३, म्हणजे ६६चा वेग. गणित सोपं आहे: ३६०० गुणिले किलोमीटर, भागिले सेकंद.

आता निकाल वाचा. काटा आणि ओडोमीटर दोन्ही सारख्याच प्रमाणात कमी दाखवत असतील, समजा दोन्हीकडे दहा टक्क्यांच्या आसपास, तर मीटर ठणठणीत आहे; दोष चाकात किंवा क्राउन-पिनियनमध्ये आहे आणि इलाज केबल जिथून निघते त्या टोकाला करायचा. ओडोमीटर बरोबर आणि काटाच चुकतो, तर टायरचा काही संबंध नाही, मीटर उघडावं लागेल. दोन्ही चुकतात पण वेगवेगळ्या प्रमाणात, तर दोन्ही आजार आहेत. आणि दहा किलोमीटरला ओडोमीटर फक्त ६.२ पुढं सरकला तर घाबरू नका: तुमचं मीटर मैलांचं आहे. भारतात दशमान मापांचा कायदा १९५६चा, त्यामुळे त्या काळाच्या आसपासच्या आणि परदेशी मीटर असलेल्या गाड्यांत मैल सापडतात. डायल पुन्हा रंगवताना कुणीतरी खालचं अक्षर बदलून किलोमीटर लिहून ठेवलेलं असतं, आणि मालक वर्षभर टायरला शिव्या देत राहतो.

आणखी एक शक्यता खानदेश-बागलाणात फार खरी आहे. मूळ मीटर कधीच गेलेलं असतं आणि भंगारातून आणलेलं दुसऱ्याच गाडीचं मीटर बसवलेलं असतं. दोन्ही मीटरं दिसायला सारखी, केबलचं टोकही बसतं, पण आतला हिशेब वेगळा. हे ओळखायला डायलच्या खालच्या कडेला बारीक अक्षरात छापलेला आकडा शोधा. जुन्या ब्रिटिश स्मिथ्स मीटरांवर तो असतोच. एका मैलाला केबलचे किती फेरे लागावेत ते तो आकडा सांगतो. अमेरिकी पद्धतीत, ज्या घराण्यातली जीप आहे, मैलाला १००० फेरे धरतात. म्हणजे किलोमीटरला ६२१.

हा आकडा हाती असेल तर केबल खरंच किती फिरते ते मोजता येतं, आणि मला वाटतं सगळ्या पद्धतींत हीच सगळ्यात भरवशाची. केबल मीटरकडून सोडवा. आतली तार मोकळी दिसेल, तिच्या टोकाला कागदाची पताका चिकटवा. जमिनीवर वीस मीटर आखा आणि गाडी न्यूट्रलमध्ये, फोर व्हील काढून, तेवढी ढकला. एकजण फक्त पताकेचे फेरे मोजेल, पाव फेऱ्यापर्यंत. १०००च्या मीटरला वीस मीटरमध्ये १२.४ फेरे हवेत. तुमचे ११.३ आले तर १२.४ भागिले ११.३, म्हणजे केबल १.१० पट जास्त फिरवायची आहे. यात टायर, क्राउन-पिनियन, हवा, झीज, भंगारातलं मीटर, सगळं एकाच मापात येतं. जॅकवर एक चाक उचलून ते हातानं फिरवून मोजणी करायचा मोह आवरा. दुसरं चाक जमिनीवर असताना डिफरन्शियलमुळे उचललेलं चाक दुप्पट फिरतं आणि हिशेब फसतो.

आता त्या "काटा काढून पुढं बसवून देतो"कडे वळू. समजा ६०ला सहाची चूक आहे. मिस्त्री काटा उपटून सहा घरं पुढं बसवतो. मालक महामार्गावर तपासतो, काटा बरोबर, खूष होतो. पण चूक होती टक्क्यांची आणि दुरुस्ती झाली ठरावीक घरांची. २०च्या वेगाला दोनचीच चूक होती, तिथं आता काटा चारनं जास्त दाखवतो. गाडी उभी असताना काटा शून्यावर येत नाही, किंवा शून्याच्या खिळ्याला अडकून वाकतो. आणि ओडोमीटर पूर्वीइतकाच चुकीचा. काटा ओढताना आतली बारीक स्प्रिंग ताणली गेली तर जे चांगलं होतं तेही गेलं.

ओडोमीटरच्या चुकीची एक गंमत आहे. नामपूरच्या चहाच्या टपरीवर जुन्या गाडीला पहिला प्रश्न अहिराणीत येतो, "गाडी कितला ॲव्हरेज देस?" मोठे टायर टाकल्यावर ॲव्हरेज पडलं अशी तक्रार हमखास ऐकू येते. त्यातली बरीचशी पडझड कागदावरची असते. ३१ इंची टायरवर गाडी ११० किलोमीटर जाते तेव्हा ओडोमीटर १०० दाखवतो. दहा लिटर डिझेल लागलं तर मालक म्हणतो दहाचं ॲव्हरेज, प्रत्यक्षात अकराचं आहे. जड टायरमुळे थोडं डिझेल जास्त जातंच, पण आधी दहा टक्के हिशेबात मिळवा, मग इंजिनाला दोष द्या. ऑइल बदलण्याचा हिशेबही असाच सरकतो. ५,००० म्हणून बदललेलं ऑइल ५,५०० चाललेलं असतं.

इलाज कोणता करायचा हे गाडी कुठं चालते यावर ठरवा. शेत ते घर आणि आठवड्यातून एकदा सटाणा, एवढीच फेरी असेल तर काहीही उघडू नका. एका पट्टीवर तक्ता लिहा, काटा २० म्हणजे २२, ३० म्हणजे ३३, ४० म्हणजे ४४, ५० म्हणजे ५५, आणि ती डॅशबोर्डवर लावा. मीटरच्या काचेवर ५४-५५च्या जागी लाल रंगाचा बारीक ठिपका द्या. काटा तिथं आला की गाडी ६० वर. हा इलाज फुकटचा आहे म्हणून त्याला हसतात. माझ्या मते अर्ध्याहून जास्त जिपांना तेवढाच पुरेसा आहे.

गाडी महामार्गावर जात असेल तर गरारी बदला. ट्रान्स्फर केसमध्ये आउटपुट शाफ्टवर मीटरची वर्म असते आणि तिला लागून केबल फिरवणारी छोटी गरारी. दात कमी केले की केबल जोरात फिरते. समजा तुमच्या गरारीला २० दात आहेत आणि १.१० पट हवं आहे. १८ दातांची गरारी १.११ देते, म्हणजे काटा खऱ्यापेक्षा किंचित जास्त दाखवेल, आणि हवं ते हेच. जुनी गरारी काढून नमुना म्हणून बरोबर न्या. दात मोजताना रंगानं एका दातावर खूण करा, नाहीतर तीनदा मोजून तीन उत्तरं येतात. दात बदलले की गरारीचा व्यासही बदलतो, त्यामुळे एक-दोन दातांपलीकडे गेलात तर ती वर्मला नीट भिडत नाही, बाहेरचं स्लीव्हही बदलावं लागतं. जबरदस्तीनं बसवलेली गरारी थोड्याच दिवसांत दात गमावते आणि तिचा भुगा ट्रान्स्फर केसच्या ऑइलमध्ये जातो. गरारी बदलताना ऑइल सील नवं टाका. ते जुनं राहिलं तर गिअर ऑइल केबलमधून वर चढत मीटरपर्यंत पोचतं.

टायर आणि क्राउन-पिनियन दोन्ही बदललेत, १.२१ हवं आहे, आणि २० दातांवरून १७ किंवा १६वर जाणं शक्य नाही, तर रेशो बॉक्स लागतो. केबलच्या मध्ये बसणारी ही छोटी डबी, आत दोन-चार दातेरी चाकं. एका बाजूनं एक फेरा घातला की दुसऱ्या बाजूनं १.२१ फेरे निघतात. परदेशात या तयार मिळतात, आपल्याकडे गिअर कापणाऱ्या चांगल्या वर्कशॉपला नमुना देऊन करून घ्याव्या लागतात. नाशिकच्या सातपूर-अंबड पट्ट्यात असं काम करणारे लोक आहेत. त्यांना "जीपचं मीटर दुरुस्त करा" असं सांगू नका. "आत एक फेरा, बाहेर १.२१ फेरे, दिशा तीच" असं लिहून द्या. दिशा लिहायला विसरलात तर काटा शून्याखाली जायला बघेल.

मीटरच उघडायचं असेल, म्हणजे ओडोमीटर बरोबर आणि काटाच खोटा, तर मीटर दुरुस्त करणाऱ्याकडे जा, आणि त्याच्याकडे तपासायचं साधन आहे का ते आधी विचारा. साधन फार मोठं नको. ताशी ६० मैल म्हणजे मिनिटाला एक मैल, त्यामुळे १०००च्या मीटरची केबल मिनिटाला १००० फेऱ्यांनी फिरवली की काटा ६० मैलांवर यायलाच हवा. किलोमीटरच्या मीटरला तेच गणित: किलोमीटरला जितके फेरे, मिनिटाला तितके फिरवले की काटा ६०. वेग कमी-जास्त करता येणारं ड्रिल मशीन आणि फेरे मोजणारा साधा टॅकोमीटर एवढ्यावर हे जमतं. आधी हातानं फिरवून काटा कुठल्या दिशेला उठतो ते बघायचं. ३०, ६०, ९० तिन्हीला चूक सारख्याच टक्क्यांची असेल तर चुंबकाची ताकद किंवा स्प्रिंग जुळवून काम होतं. एका जागी बरोबर, दुसरीकडे चूक असेल तर वाटी घासते आहे किंवा घाण आहे.

काटा थरथरत असेल तर वरचं काहीच करण्याआधी केबल बघा. काळ्या मातीची धूळ आणि सुकलेलं ग्रीस ही नेहमीची कारणं. आतली तार बाहेर ओढा, रॉकेल किंवा डिझेलमध्ये धुवा, सपाट फरशीवर लोळवून कुठं मुरगळली आहे का बघा. मुरगळलेली तार सरळ करण्याच्या भानगडीत न पडता नवीनच घाला. ग्रीस बेतानं लावा आणि मीटरकडची वरची पंधरा सेंटिमीटर कोरडी ठेवा. वरून इंजिन ऑइल ओतणारे महाभाग सगळीकडे आहेत. ते ऑइल मीटरच्या वाटीत उतरतं आणि काटा एकदा वर गेला की खाली येत नाही. केबलला तीव्र वळण देऊ नका, आणि ती सायलेन्सरपासून लांब ठेवा.

कायद्याचं थोडक्यात. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतल्या नियम ११७नुसार गाडीला स्पीडोमीटर हवा. नव्या गाड्यांसाठीचा आंतरराष्ट्रीय नियम असा की काट्यानं खऱ्यापेक्षा कमी कधीच दाखवू नये, आणि जास्त दाखवलं तर खऱ्या वेगाच्या दहा टक्के अधिक ४ किलोमीटर, इथपर्यंतच. म्हणूनच नवी मोटार जीपीएसपेक्षा नेहमी जास्त वेग सांगते. जुन्या गाडीलाही हेच लक्ष्य ठेवा: शून्य ते पाच टक्के जास्त, कमी कधी नाही. गाडीत मूळ नोंदीपेक्षा वेगळे बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२चं बंधन आहे, तेव्हा अवाढव्य टायर आणि वेगळा ॲक्सल टाकण्याआधी मालेगावच्या आरटीओ कार्यालयात विचारलेलं बरं. गाडी पन्नास वर्षांची होऊन २०२१च्या नियमांखाली व्हिंटेज म्हणून नोंदवायचा विचार असेल तर मूळ स्वरूपाला महत्त्व आहे. अशा गाडीला ६.००-१६च ठेवा, आणि मूळ गरारी फेकू नका.

दुरुस्ती झाली की पुन्हा त्याच रस्त्यावर, त्याच हवेवर चाचणी घ्या. मग आरसी बुकाच्या पाकिटात एक कागद ठेवा: टायरचं माप, क्राउन-पिनियनचा आकडा, गरारीचे दात, बदल केल्याची तारीख आणि त्या दिवशीचं ओडोमीटर. बदलाआधी मीटर किती टक्के कमी मोजत होतं तेही लिहा. गाडी विकताना हा कागद घेणाऱ्याला द्या. पुढचा टायर घेताना तुम्हालाही तोच लागेल.